रानातला प्रकाश मोजताना

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात बोर धरणाच्या परिसरात सागाचे रान पसरले आहे. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. डिसेंबरमधल्या एका सकाळी आम्ही दहावीच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो होतो. सूर्य नुकताच वर येत होता. चितळांचा एक कळप वाट ओलांडून सावकाश पलीकडे निघाला होता. आम्ही गाडी थांबवून भराभर फोटो काढले.

शाळेत परतल्यावर ते पडद्यावर पाहिले आणि सगळ्यांचाच हिरमोड झाला. झाडे जागच्या जागी होती, पण चितळांच्या अंगावर ठिपक्यांऐवजी फिकट रेघा उमटल्या होत्या आणि पायांच्या जागी नुसता धूर होता. एका मुलीने विचारले, "सर, आपल्याला तर ठिपके स्वच्छ दिसत होते. मग कॅमेऱ्याला का दिसले नाहीत?" आम्ही चटकन उत्तर दिले, "उजेड कमी होता." त्यावर ती म्हणाली, "पण आपल्याला कुठे कमी वाटला?"

हा दुसरा प्रश्न खरा प्रश्न आहे. या लेखात त्याचेच उत्तर शोधू या.

डोळ्याची लपवाछपवी

प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. निरभ्र दुपारी उघड्या जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. सूर्य क्षितिजावर टेकलेला असताना तो सुमारे ४०० लक्स असतो. म्हणजे सकाळी आमच्याजवळ दुपारच्या अडीचशेव्या हिश्शाइतकाच प्रकाश होता! आणि तो कमी असल्याची जाणीव कोणालाच झाली नाही.

याचे कारण आपल्या डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्याची बाहुली उन्हात सुमारे २ मिलिमीटर व्यासाची असते, अंधारात ती ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. त्यामुळे आत येणारा प्रकाश साधारण बारा पट वाढतो. उरलेले काम दृष्टिपटल करते. प्रकाश कमी झाला की त्यातील पेशी अधिक संवेदनशील होतात. पूर्ण अंधाराशी जुळवून घ्यायला त्यांना अर्धा तास लागतो, पण पहाट हळूहळू उजाडत असल्याने हा बदल आपल्या नकळत होतो. डोळा वस्तू दाखवतो, प्रकाशातला फरक मात्र लपवतो. कॅमेरा तो लपवू शकत नाही.

दुपटीचा हिशेब

कॅमेऱ्यात प्रकाश वाढवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, भिंगामागचे छिद्र मोठे करणे. दुसरा, झडप म्हणजे शटर जास्त वेळ उघडे ठेवणे. तिसरा, संवेदकाकडून आलेला संदेश वाढवणे, म्हणजेच आयएसओचा आकडा चढवणे.

फिल्मच्या काळापासून एक सोपा नियम चालत आला आहे. भर उन्हात छिद्र एफ-१६ वर ठेवावे आणि आयएसओ १०० असेल तर शटर साधारण १/१२५ सेकंद उघडावे. आता सूर्योदयाचा हिशेब करू. प्रकाश सुमारे २५६ पट कमी, म्हणजे आठ वेळा दुप्पट करून भरून काढायची तूट. एफ-१६ वरून एफ-४ वर आलो तर छिद्राचा व्यास चौपट होतो, म्हणून क्षेत्रफळ सोळा पट. चार दुपटी झाल्या. उरलेल्या चार शटरमधून घेतल्या तर १/१२५ ऐवजी १/८ सेकंद लागतो.

सावकाश चालणारे चितळ सेकंदाला एक मीटर जाते असे धरले, तर १/८ सेकंदात ते साडेबारा सेंटिमीटर सरकते. ठिपक्यांच्या रेघा का झाल्या ते आता कळले! आमच्या कॅमेऱ्याने स्वतःहून नेमका हाच वेळ निवडला होता. फोटोसोबत साठवलेल्या नोंदीत तो आकडा दिसत होता, आम्ही तो पाहिलाच नव्हता.

मग चार दुपटी आयएसओमधून घ्याव्यात काय? आयएसओ १६०० केला तर शटर पुन्हा १/१२५ वर येते आणि चितळ जेमतेम आठ मिलिमीटर सरकते. पण याचीही किंमत मोजावी लागते. पहिला पाऊस अंगणातल्या फरशांवर पडतो तेव्हा एका फरशीवर सहा थेंब, शेजारच्या फरशीवर अकरा थेंब पडलेले दिसतात. चांगली सर येऊन गेली की सगळ्या फरशा सारख्याच ओल्या असतात. प्रकाशकणांचेही असेच आहे. एका बिंदूवर सरासरी १०० कण पडत असतील तर त्यांत सुमारे १० चा, म्हणजे १० टक्के चढउतार असतो. १०,००० कण पडत असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. आयएसओ वाढवल्याने कण वाढत नाहीत, फक्त आहे त्याची मोठी प्रत निघते. म्हणून कमी उजेडातल्या फोटोत रवाळ दाणे दिसतात. रेघा हव्यात की दाणे, हे छायाचित्रकाराने ठरवायचे असते.

सोनेरी वेळ किती मिनिटांची?

सूर्योदयानंतरचा पहिला तास छायाचित्रणाला उत्तम, असे अनेक इंग्रजी पुस्तकांत वाचायला मिळते. कोवळे ऊन तांबूस का असते, हे आपण वर्गात शिकवतो. तिरप्या किरणांना हवेतून लांबचा प्रवास करावा लागतो. वाटेत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा चारेक पट जास्त विखुरतो आणि तांबडा-पिवळा आपल्यापर्यंत पोचतो. सूर्य दहाएक अंश वर चढला की ही लाली ओसरते.

पण तो दहा अंश किती वेळात चढतो? मार्च किंवा सप्टेंबरमध्ये लंडनला तासाला सुमारे ९ अंश. वर्धा २०.७ अंश अक्षांशावर असल्याने इथे तासाला सुमारे १४ अंश. म्हणजे पुस्तकातला तास आपल्याकडे जेमतेम ४० ते ४५ मिनिटांचा! दुसऱ्या देशातला नियम जसाच्या तसा उचलला तर आपण उशिरा पोचतो.

दुपारचेही तसेच. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात वर्ध्याला मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. प्राण्याची पाठ तळपते, डोळे मात्र भुवयांच्या सावलीत बुडतात. डिसेंबरअखेर हाच सूर्य मध्यान्हीला सुमारे ४६ अंशांपर्यंतच चढतो, म्हणून थंडीत दुपारीही बरे फोटो मिळतात.

काळी जमीन, पांढरा कापूस

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. वर्ध्याच्या शेतशिवारात हे गृहीत पदोपदी चुकते. फुटलेल्या कापसाने चौकट भरली तर कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि कापूस मळकट दिसतो. नांगरलेली काळी जमीन घेतली तर तो प्रकाश वाढवतो आणि जमीन राखाडी होते. पवनारला धाम नदीतला पांढरा बगळा आणि तारेवरचा काळा कोतवाल यांचीही हीच गत होते. उपाय मनाविरुद्ध वाटेल असा आहे: पांढऱ्या वस्तूला प्रकाश वाढवून द्यावा, काळ्या वस्तूला कमी करावा.

चांदण्यातली गणना

महाराष्ट्रातील जंगलांत अनेक वर्षे बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची गणना होत आली. उन्हाळ्यात थोडेच पाणवठे उरलेले असतात आणि पौर्णिमेचा चंद्र रात्रभर आकाशात असतो. चांदणे उन्हाच्या सुमारे चार लाख पट मंद असते, तरी डोळ्याला रोही आणि सांबर ओळखता येतात. एफ-४ आणि आयएसओ १६०० वर कॅमेऱ्याला मात्र सुमारे १२ सेकंद लागतील. तेवढा वेळ कोणता प्राणी दगडासारखा उभा राहील?

पण डोळ्यालाही मर्यादा आहे. मघाचेच सांबर पुन्हा आले की दुसरे, हे तो सांगू शकत नाही. २००६ पासून देशभर दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत म्हणूनच झाडाला बांधलेले स्वयंचलित कॅमेरे वापरतात. ते प्राण्याची चाहूल लागताच स्वतःचा प्रकाशझोत सोडून क्षणार्धात फोटो घेतात. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात. डाव्या आणि उजव्या कुशीवरचेही सारखे नसतात, म्हणून कॅमेरे समोरासमोर लावतात. इथे पट्ट्यांच्या रेघा फरकटल्या तर वाघ ओळखताच येणार नाही. ज्या चुकीने आमचा हिरमोड झाला, त्याच चुकीने तिथे गणना बिघडू शकते.

करून पाहा

शाळेच्या पटांगणात एक खाकी पुठ्ठा जमिनीवर आडवा ठेवा. सूर्योदयापासून दुपारपर्यंत दर वीस मिनिटांनी, आपली सावली पडू न देता, मोबाइलने त्याचा फोटो घ्या. पुठ्ठ्याने चौकट भरली पाहिजे. कॅमेरा सूर्याकडे मात्र कधीही रोखू नका. फोटोच्या माहितीत शटरचा वेळ आणि आयएसओ मिळेल. दोन्हींचा गुणाकार करा. सकाळी १/५० सेकंद आणि आयएसओ ८०० असेल तर गुणाकार १६, दुपारी १/१००० आणि ५० असेल तर ०.०५. छिद्र तेच असेल तर प्रकाश ३२० पट वाढला. वेळेनुसार आलेख काढा आणि त्याच वेळी मुलांना डोळ्यांनी अंदाज करून लिहायला सांगा. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की डोळा काय लपवतो ते दिसेल.

फेब्रुवारीत पळस फुलला तेव्हा आम्ही पुन्हा बोरला गेलो. या वेळी शटर आणि आयएसओ आधीच ठरवले होते. फोटो दाणेदार आला. पण त्या मुलीने तो पडद्यावर मोठा करून एका चितळाच्या कुशीवरचे ठिपके एकेक करून मोजले.