अंग तापलंय, मग थंडी का वाजते?

आषाढ लागला की पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत पाऊस मुक्कामालाच येतो. ताम्हिणीचे डोंगर ढगांत दडतात, ओढे धरणाकडे धाव घेतात आणि खाचरांत भाताची लावणी सुरू होते. गुडघाभर चिखल, हातात रोपांची जुडी, वरून धो धो सरी! अशाच दिवसांत एखाद्या संध्याकाळी अंग मोडून येतं. दप्तर कोपऱ्यात पडतं. आजी कपाळाला हात लावते आणि म्हणते, "अगं बाई, कणकण आहे अंगात!"

थोड्याच वेळात दात कडकडायला लागतात. दोन गोधड्या घेतल्या तरी हुडहुडी जात नाही. थर्मामीटर मात्र १०१ दाखवतो! आहे की नाही कोडं? अंग तव्यासारखं तापलंय आणि आपण थंडीनं कुडकुडतोय.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. अंग किती गरम ठेवायचं, हे तो ठरवतो. एरवी त्याचा आकडा साधारण ३७ अंश सेल्सिअस, म्हणजेच ९८.६ फॅरनहाइट. अंगात जंतू शिरले, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात. तो असतो मेंदूला धाडलेला निरोप: पाहुणे घातकी आहेत, आच वाढव! हायपोथॅलॅमस नवा आकडा ठरवतो, समजा १०३. अंग तर अजून १०१ वरच. म्हणजे ठरलेल्या आकड्याहून ते गारच की! म्हणून थंडी वाजते. स्नायू थरथरून ऊब तयार करतात. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय गार लागतात. पुढे आकडा खाली आला, की उलटा खेळ: दरदरून घाम फुटतो आणि ताप उतरतो.

पण एवढा खटाटोप कशासाठी? बऱ्याच जंतूंना जास्त उष्णतेत वाढणं जड जातं आणि आपल्या लढाऊ पेशी मात्र जोमानं काम करतात. १९७० च्या दशकात मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातल्या इग्वानांवर याचा प्रयोग केला. इग्वाना म्हणजे सरड्याचा भाऊबंद. त्याला आपल्यासारखं आतून अंग तापवता येत नाही. जंतूंची लागण झाल्यावर हे इग्वाना चक्क जास्त उबदार जागेत जाऊन बसले! ज्यांना ऊब मिळाली त्यांतले जास्त जगले, ज्यांना गार जागेत ठेवलं त्यांतले जास्त मेले. ताप हे किती जुनं शहाणपण आहे बघा.

आता निरोप धाडायला लावणारे ते पाहुणे कोण?

काही डासाच्या सोंडेतून येतात. मलेरियाला आपण हिवताप म्हणतो. हीव म्हणजे थंडी. आपलं कोडं या नावातच बसलंय! त्याचे परजीवी तांबड्या पेशींत वाढतात आणि साधारण ४८ तासांनी त्या पेशी एकदम फुटतात. म्हणून एका प्रकारच्या हिवतापात ताप एक दिवसाआड येतो, घड्याळ लावल्यासारखा.

काही चिखलात दबा धरतात. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरा हे जिवाणू खाचराच्या पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून आत शिरतात. मग तापाबरोबर पोटऱ्या खूप दुखतात. म्हणून जखम झाकून चिखलात उतरायचं आणि घरी आल्यावर पाय साबणानं धुवायचे.

काही ताप तर जुळ्या भावांसारखे दिसतात. २०२१ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यातल्या, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाची साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं रक्त तपासलं, तर चिकुनगुन्या, डेंगी आणि झिका असे तिन्ही विषाणू सापडले! झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण इथेच सापडला. या तिघांना पसरवणारा डास एकच, एडिस. तो दिवसा चावतो आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा तो यासाठीच. रांजण, पिंप नुसतं ओतायचं नाही, आतून खसाखसा घासायचं. टायर, करवंट्या पालथ्या घालायच्या. हौदात गप्पी मासे सोडायचे. डासांच्या अळ्या त्यांचा आवडता खाऊ!

ताप आला तर भरपूर पाणी, पेज, विश्रांती घ्या. औषध मोठ्यांनी दिलं तरच. डेंगीत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेननं रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून मनानं गोळी नकोच. ताप दोन दिवसांत हटला नाही, तर दवाखाना गाठा. आणि उलट्या थांबत नसतील, पोट फार दुखत असेल, धाप लागत असेल, रक्त येत असेल किंवा गुंगी येत असेल, तर लगेच दवाखान्यात निघा.

तिथे डॉक्टर विचारतील, "ताप रोज येतो की एक दिवसाआड? थंडी वाजते? खाचरात उतरला होतास?" हे प्रश्न ते का विचारतात, ते आता तुम्हाला ठाऊक आहे. अगदी नीट आठवून उत्तरं द्या.