माहिती आहे, सोयरीक नाही

‘मधुमेहासारखाच हाही एक आजार’ हे वाक्य मानसिक आरोग्याच्या शिबिरांत हमखास ऐकू येतं. ते खोटं नाही. बाहेरची बाधा, आईबापांचं चुकलेलं वळण असल्या दोषारोपांतून त्याने कित्येक घरं सोडवली. मात्र २०१२ साली जर्मन मनोविकारतज्ज्ञ गेऑर्ग शोमेरुस आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या काळातल्या जनमत-पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कोडं समोर आलं. आजाराचं मूळ मेंदूत आहे हे मानणारे वाढले होते, पण स्किझोफ्रेनिया झालेला माणूस शेजारी किंवा सहकारी म्हणून चालेल म्हणणारे वाढले नव्हते. यात नवल वाटायला नको. बिघाड मेंदूतच आहे म्हटलं की दोष जातो, पण ‘मग हा बरा कसा व्हायचा?’ ही धास्ती पक्की होते. स्थळ पाहताना तर त्याचा अर्थ ‘रक्तातच आहे’ असा लावून लोक मोकळे होतात.

कलंक ओसरतो तो सहवासाने. पॅट्रिक कॉरिगन यांनी २०१२ मध्येच १४ देशांतल्या अभ्यासांचं विश्लेषण केलं. त्यात प्रौढांवर व्याख्यानांपेक्षा आजारातून सावरलेल्या माणसांच्या भेटीचा परिणाम अधिक दिसला. किशोरवयीनांत मात्र शिकवण्याचा जास्त. म्हणजे शाळांतले तास चालू राहावेत, पण सासू-सासरे आणि साहेब होणाऱ्या वयाला पोस्टर पुरत नाही.

यावर रास्त आक्षेप असा की पुढे येऊन बोलायचं कुणी? बोलेल त्याचं लग्न अडेल, नोकरी जाईल. हे खरंच आहे. गोळ्यांची पाकिटं फेकून त्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या जातात, लग्नघरात पाहुण्यांसमोर ती बाटलीही बाहेर निघत नाही, औषध चुकतं आणि आजार उलटतो. मग ‘फसवून लग्न लावलं’ म्हणून प्रकरण कोर्टात. तेव्हा धैर्याची मागणी आधी रुग्णाकडे करणं हा अन्यायच. आधी बोलण्याची किंमत कमी व्हायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवा असं बजावलं, हे त्या दिशेचं पाऊल आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी: खरी अडचण कलंकाची नसून डॉक्टरांच्या तुटवड्याची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मानसिक विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले, आणि त्यात तुटवड्याचा वाटा मोठा आहेच. पण कलंक आणि तुटवडा एकमेकांना पोसतात. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. यांतल्या दोन गावांची नावं विनोदात शिवीसारखी वापरली जातात. उपचार म्हणजे तिथला दरवाजा असंच डोक्यात बसलेलं असेल, तर आत जाणं हाच शिक्का ठरतो. जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या आणि हाडांच्या ओपीडीशेजारी मनोविकारांची ओपीडी असली, की केसपेपर घेऊन बाकावर बसलेला माणूस कशासाठी आलाय हे कुणाला कळत नाही. उपचार लवकर सुरू झाले तर सावरलेली माणसंही गावात अधिक दिसतात. ‘ही माणसं हिंसक असतात’ म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं: बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात, धोका वाढतो तो मुख्यतः उपचार रखडले, जोडीला दारू आली की. आणि ते रखडतात लपवाछपवीमुळेही.

नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ या उपक्रमाची रीत म्हणूनच मला अधिक पटते. गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक दुःखाचं ऐकून घेतात, गरज असेल त्याला डॉक्टरांकडे पाठवतात आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवायलाही मदत करतात.