बंदुकीची नळी का फाटते? पाण्याचा पाइप आणि नळी यांत नेमका फरक काय, समजून घ्या

अकोला : अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्यावर गेलेले पर्यटक नऊगजी तोफेपाशी हमखास थांबतात. सगळ्यांच्या नजरेत भरते ती लांबी. तोफ बनवणाऱ्या कारागिरांची खरी कसोटी मात्र वेगळीच असे : बार उडाला तरी नळी फुटता कामा नये. पाइप जोडून केलेला ‘देशी कट्टा’ याच कसोटीवर नापास होतो.

दाब किती असतो?
स्वयंपाकघरातील कुकरमध्ये वातावरणापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो. नळजोडणीच्या पोलादी पाइपची भारतीय मानकानुसार चाचणी होते ५० बारवर. बारा बोअरच्या बंदुकीत हा दाब सुमारे ७०० बारपर्यंत, तर रायफलमध्ये ३,५०० बारच्याही पुढे जातो. तोही सेकंदाच्या हजाराव्या भागात.

पाइप उभाच का फाटतो?
बंद नळीत दाब वाढला की तिच्या घेरावर येणारा ताण लांबीच्या दिशेतील ताणाच्या दुप्पट असतो. त्यामुळे नळी लांबीच्या रेषेत चिरते. बाजारातील बहुतेक पाइप पत्रा वळवून, कडा वेल्ड करून बनतात आणि ती शिवण नेमकी लांबीच्याच रेषेत असते. म्हणजे ताण सर्वाधिक तिथेच जोड.

कारखान्यात काय वेगळे होते?
तिथे नळी अखंड पोलादातून कोरतात. पोलाद नुसते कडक असून भागत नाही. ठिसूळ असेल तर ते वाकण्याऐवजी तुकडे होऊन उडते. म्हणून उष्णताप्रक्रियेने कडकपणा आणि चिवटपणा यांचा मेळ घालतात. मग नेहमीपेक्षा सुमारे २५ ते ३० टक्के जास्त दाबाची काडतुसे उडवून ‘प्रूफ’ चाचणी होते.

एकदा चालली म्हणजे सुरक्षित?
नाही. प्रत्येक बाराला सूक्ष्म तडे वाढत जातात. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी अमेरिकेच्या ‘प्रिन्स्टन’ युद्धनौकेवरील ‘पीसमेकर’ तोफ पाहुण्यांसमोरच फुटली. परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्र्यांसह ६ जण ठार झाले. ही तोफ त्याआधी अनेकदा डागलेली होती. लोखंडाचे तुकडे तापवून, ठोकून जोडताना राहिलेले दोष बाहेरून दिसत नव्हते.

कायदा काय सांगतो?
शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे, विकणे किंवा दुरुस्त करणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान ७ वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

हे लक्षात ठेवा
- घरात वडिलोपार्जित परवान्याची बंदूक असेल, तर परवानाधारक कारागिराकडून तपासल्याशिवाय बार उडवू नका.
- नळीवर गंज, फुगवटा किंवा चीर दिसली तर ती वापरातून बाद समजा.
- बेवारस कट्टा सापडल्यास हात न लावता ११२ वर कळवा.