हळदीची गोळी कुठवर पोचते?

गारगोटीत औषधाचं दुकान चालवायचं म्हणजे गोळ्यांइतकंच पाल्यामुळ्यांवरही बोलावं लागतं. पाय मुरगळला की निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मुका मार लागला की आंबेहळदीचा गरम लेप, हे भुदरगडात घरोघर चालतं. हल्ली मात्र कडगावकडची एखादी मावशी पिशवीतून बाटली काढते, "दादा, लेकीनं पुण्यास्नं हळदीच्या गोळ्या पाठवल्यात. गुडघ्याला घेऊ काय?"

मार लागलेली जागा लाल होते, सुजते, ठणकते. पांढऱ्या पेशी कामाला लागल्याची ती खूण. त्यांतल्या महाभक्षी पेशी जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात, शिवाय टीएनएफसारखी रसायनं सोडून इतरांना बोलावून घेतात. ती रसायनं बनवण्याचा हुकूम देणारं प्रथिन, एनएफ-कप्पा-बी, रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1986 साली शोधलं. एरवी ते दुसऱ्या प्रथिनानं जखडलेलं असतं; धोक्याची चाहूल लागली की सुटतं आणि पेशीच्या केंद्रकात शिरतं. हळदीतलं कर्क्युमिन ही सुटका रोखतं आणि पाले किराइतातलं अँड्रोग्राफोलाइड थेट त्या प्रथिनालाच चिकटतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

पण तिथे औषध पेशींवर थेट ओततात. आपण ते गिळतो. हळदीत कर्क्युमिन जेमतेम 3 टक्के. त्यातलं आतड्यातून शोषलं जातं फार थोडं, आणि यकृत त्याचंही रूप पालटून बाहेरची वाट दाखवतं. बंगळूरच्या संशोधकांनी 1998 साली 2 ग्रॅम कर्क्युमिनला मिऱ्यातल्या 20 मिलिग्रॅम पायपरीनची जोड दिली, तर रक्तात ते वीसपट पोचलं. तेव्हापासून बऱ्याच बाटल्यांवर मिरी आली.

मला काळजी वाटते ती इथेच. यकृताचा हा पहारा उगाच नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2022 साली हळदीच्या गोळ्यांनी यकृत सुजलेल्या 10 जणांची नोंद छापली. त्यांतल्या 7 जणांत एकच जनुकीय खूण सापडली, एक जण दगावला. हळदीवर अमेरिकेत दिलेलं पेटंट 1997 साली भारतानं रद्द करून घेतलं याचा मलाही अभिमान आहे. पण तो वाद जखम भरण्याबद्दल होता, गुडघ्याच्या गोळीचा त्याच्याशी संबंध नाही.

गुडघेदुखी थोडी कमी होते, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे, हेही मी सांगतो. मात्र आधी विचारतो: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? पित्ताशयात खडे? कधी कावीळ? यातलं एक जरी 'हो' निघालं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडायची नाही. आमटीतल्या हळदीला माझी ना नाही. गोळी सुरू केल्यावर अन्नावरची वासना गेली, अंग खाजू लागलं, लघवी गडद झाली, तर तो हळदीचा रंग समजून बसू नये. गोळी थांबवावी आणि दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्यावी; हळद खाल्ली हे डॉक्टरांना आपणहून कुणी सांगत नाही.