नववं पान

वर्ध्यात माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. नुकसानभरपाईच्या याद्या, मतदार याद्या, बचत गटांचे हिशोब, सातबारे, सगळं माझ्या काउंटरवरून जातं. इतक्या वर्षांत एक पाहिलं. यादी चौदा पानांची असो की चाळीस, माणूस फक्त आपलं नाव असलेल्या पानाची झेरॉक्स नेतो. त्याची चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवतो आणि बँकेत, ग्रामपंचायतीत, जिथे लागेल तिथे तेवढंच पान दाखवतो.

असंच एक पान घेऊन एक आजोबा परत आले. "बाई, नाव त माहं हाय, पन हे पान कोन्या गावचं हाय?" मी पान हातात घेतलं. अनुक्रमांक, नाव, गट नंबर, क्षेत्र हे सगळं होतं, पण गावाचं नाव नाही, तारीख नाही, पान क्रमांकही नाही. छापलेलं मीच होतं. त्या आठवड्यात माझ्याकडे दोन याद्या आल्या होत्या, एक सिंदी (मेघे)ची आणि एक सिंदी (रेल्वे)ची. आपल्या जिल्ह्यात नावापुढचा कंस काढला की गावं हरवतात. कारंजा (घाडगे) आपलं, कारंजा (लाड) वाशिमचं. आष्टी (शहीद) आपली, दुसरी आष्टी बीडमध्ये. दोन्ही याद्यांचं शीर्षक पहिल्या पानावर होतं आणि फक्त तिथंच होतं. पंख्याच्या वाऱ्यानं पानं उडाली, गोळा करताना एकीचं नववं पान दुसरीत गेलं आणि मी तशीच स्टेपल केली. एकेक नाव कॉम्प्युटरवर शोधून पानं पुन्हा लावायला मला दीड तास लागला. तोवर आजोबा बाकावर बसून होते. ते काही बोलले नाहीत, याचंच मला जास्त लागलं.

त्यानंतर मी हा विषय नीट शिकून घेतला. मुळाशी असलेली गोष्ट अशी की डेटाबेसच्या तक्त्याला पान माहीतच नसतं. त्याला ओळी आणि रकाने एवढंच कळतं. पडद्यावर यादी विहिरीच्या दोरासारखी खाली खाली जात राहते. ती कागदावर उतरवायची झाली की कुठेतरी कापावी लागते, आणि कुठे कापायची ते छापताना ठरतं. कागद ए-फोर की लीगल, अक्षर किती मोठं, समास किती सोडला यावर ते अवलंबून असतं. म्हणून माथ्यावरचा मजकूर, म्हणजे हेडर, आणि तळाचा, म्हणजे फूटर, तक्त्यात लिहायचा नसतो. तो छपाईच्या मांडणीत, वेगळा ठेवायचा असतो.

इथेच बहुतेकांची चूक होते, माझीही झाली होती. दर चाळीस ओळींनंतर एक ओळ घुसवून त्यात गावाचं नाव टाइप केलं की काम झालं असं वाटतं. मग कुणीतरी म्हणतं, यादी आडनावाप्रमाणे लावून द्या. एक बटण दाबलं की गावाचं नाव शेतकऱ्यांच्या नावांमध्ये जाऊन बसतं. मोजणी केली तर खातेदार जास्त भरतात.

एक्सेलमध्ये 'पेज लेआउट'खाली 'प्रिंट टायटल्स' आहे. तिथे वरच्या ओळी एकदा सांगितल्या की रकान्यांची नावं प्रत्येक पानावर आपोआप येतात. डावीकडचे रकानेही तसेच सांगता येतात, आणि रुंद यादीत ते फार गरजेचं असतं. नाहीतर यादी आडवी फुटते आणि दुसऱ्या कागदावर नुसते खाते क्रमांक येतात, कुणाचे ते कळत नाही.

डेटाबेसमधून रीतसर रिपोर्ट काढला तर माथे तीन प्रकारचे मिळतात. अहवालाचा माथा सुरुवातीला एकदाच येतो, पानाचा दर पानावर येतो, आणि गटाचा गाव बदललं की नव्यानं येतो. तळाचंही तसंच. गावाची यादी संपली की त्या गावाची बेरीज, सगळं संपलं की एकूण. जुन्या वहीखात्यात मुनीम पानाच्या तळाशी बेरीज मारून पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' म्हणून तीच लिहायचे, ते हेच काम. तळाशी 'पान ९ / १४' हवंच. नुसतं ९ असेल तर शेवटची पानं गळाली तरी कळत नाही. यातला १४ हा आकडा पहिल्या पानावर छापण्यासाठी प्रोग्रामला आधी सगळा अहवाल मनातल्या मनात मांडून बघावा लागतो, म्हणून मोठी यादी छापायला थोडी थांबते. तेवढं थांबावं.

माझ्या आजेसासऱ्यांची हस्तलिखित पोथी घरात आहे. सुटी पानं, शिलाई नाही. पण प्रत्येक पानाच्या समासात ग्रंथाच्या नावाची दोन अक्षरं आणि पत्रांक लिहिलेला आहे. पान कुठेही निसटलं तरी आपल्या पोथीत परत येतं. शिवकालीन पत्रांत मुद्रा माथ्यावर असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब उमटवत. मोर्तब उमटलं की त्याखाली कुणाला ओळ वाढवता येत नसे. आपण आजही 'शिक्कामोर्तब' म्हणतो.

आत्ताच्या कागदांत मला सातबारा आवडतो. माथ्यावर 'गाव नमुना सात', तो ज्या नियमांखाली निघतो ते १९७१चे नियम, मग गाव, तालुका, जिल्हा. २०२०च्या नव्या नमुन्यात गावाच्या नावासोबत गावाचा कोडही आला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, आणि त्याच्या तळाशी तो कधी डाउनलोड केला ती तारीख-वेळ आणि पडताळणीचा क्रमांक असतो. तारीख फार महत्त्वाची. आज छापलेला सातबारा उद्या फेरफार मंजूर झाला की जुना होतो, आणि तो कोणत्या दिवसाचा आहे हे कागदावरच्या त्या एका ओळीशिवाय कोण सांगणार? काही जण झेरॉक्स काढताना जागा वाचावी म्हणून तळाची पट्टी झाकायला सांगतात. मी झाकत नाही. वाद घालते, पण झाकत नाही.

मतदार यादी बघा. प्रत्येक पानावर मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव, '४७ - वर्धा', मग यादी भाग क्रमांक, आणि तळाशी एकूण पृष्ठं किती व हे कितवं. केंद्रावरच्या माणसाच्या हातात कुठलंही पान आलं तरी ते कुठलं ते त्याला विचारावं लागत नाही.

आता यादी छापून झाली की स्टेपल मारण्याआधी मी गठ्ठ्यातून मधलंच एक पान ओढते, बहुतेक नववंच. आणि बाकावर जो कुणी बसला असेल त्याच्या हातात देऊन विचारते, "भाऊ, हे कोणत्या गावचं पान हाय, सांगा बरं?" त्याला सांगता आलं तरच स्टेपलर हातात घेते.