सतरा तासांच्या आधीचे एक वर्ष

आधी पोहायचे, पाण्यातून बाहेर आले की सायकल, सायकल ठेवली की धावायचे. तिन्ही एकाच दिवशी, सलग. याला ट्रायथलॉन म्हणतात. त्यातला सर्वांना माहीत असलेला मोठा प्रकार म्हणजे आयर्नमॅन : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, तेही साधारण १७ तासांच्या आत. आपल्या जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक राहिलेले कृष्ण प्रकाश यांनी २०१७ मध्ये फ्रान्समध्ये हे अंतर पूर्ण केले. २०१९ मध्ये गोव्यात निम्म्या अंतराची स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि हे स्वप्न आपल्या दाराशी आले. नुकतीच नोकरीला लागलेली आपली मुले-मुली आता विचारतात, “ताई, पुढच्या वर्षी मी करू का?”

करा. मात्र पहिले वर्ष मोठ्या अंतराला देऊ नका, स्वतःच्या शरीराची ओळख करून घ्यायला द्या. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १५ तास १९ मिनिटांत आयर्नमॅन पूर्ण केली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते तरुणपणी पोहण्यातले राष्ट्रीय विजेते होते आणि २००४ च्या सुमारास, मुंबई मॅरेथॉन सुरू झाली तेव्हापासून, धावत होते. ते पदक एका वर्षाचे नव्हते.

पाण्याची भीती आणि पाण्याचा हक्क

ज्यांना साधे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या घरात पोहण्याची परंपरा कुठून येणार? गावची पोरे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली, त्या विहिरीच्या काठावरही आपल्या आजोबांना उभे राहू दिले जात नव्हते. म्हणून आपल्यातले बरेच जण वयाच्या पंचविशी-तिशीत पहिल्यांदा पाण्यात उतरतात. यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त शिकायला वेळ द्यावा लागेल.

हा वेळ जीव वाचवणारा आहे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉनमधील मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला. एकूण १३५ घटनांपैकी ९० घटना पोहताना घडल्या. बहुतेक पुरुष होते आणि सरासरी वय सेहेचाळीसच्या पुढे होते. शवविच्छेदन झालेल्यांपैकी अनेकांना हृदयाचा आजार आधीपासून होता. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच घरात कमी वयात हृदयविकाराने कोणी गेले असेल त्यांनी, रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

पोहणे तलावात, प्रशिक्षक आणि जीवरक्षक असताना शिका. मुळा किंवा भंडारदरा धरणात सरावासाठी एकट्याने उतरू नका. धरणाच्या पाण्यात खाली पाय टेकत नाहीत आणि धरायला काठ नसतो. पैसे मोजकेच असतील तर महागड्या सायकलऐवजी पोहण्याच्या शिकवणीवर खर्च करा. पहिल्या वर्षी साधी गिअरची सायकल चालते. हेल्मेट मात्र हवेच. नगर-मनमाडसारख्या जड वाहनांच्या रस्त्यावर अंधारात निघू नका, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांपासून जपा.

रक्ताची चाचणी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असताना सराव वाढवला तर धाप, चक्कर आणि थकवाच वाढतो. मुलींनी हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी उपचार घ्यावेत.

दुसरी चाचणी सिकलसेलची. आदिवासी भागाप्रमाणे विदर्भातल्या आपल्या समाजातही हा दोष बराच आढळतो, आणि नोकरी-लग्नाच्या निमित्ताने ती कुटुंबे सगळीकडे पसरली आहेत. सिकलसेलचा वाहक एरवी ठणठणीत असतो, त्याला खेळायला मनाई नाही. पण कडक उन्हात, कमी पाण्यावर, न थांबता जोर लावला तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार येऊ शकतो. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही, मात्र स्नायू फुटण्याचा धोका ५४ टक्के जास्त होता. वाहक असाल तर सराव हळूहळू वाढवा, मध्ये विश्रांती घ्या, तापात किंवा जुलाबात पळू नका. कोऱ्या चहासारखी लघवी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ज्यांना सिकलसेलचा आजारच आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. सरकारी रुग्णालयात चाचणीची चौकशी करा. २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे.

ऊन, पाणी, मीठ

जास्त पाणी प्यायले की भले होते, हा गैरसमज आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी होते, आणि शर्यतीत ज्यांचे वजन वाढले त्यांना धोका सर्वाधिक होता. तहान लागेल तसे प्या. दोन तासांहून लांब सरावात नुसत्या पाण्याबरोबर ओआरएस, मीठ घातलेले ताक, केळी, गूळ-शेंगदाणे घ्या. एप्रिल-मेमध्ये नगरच्या उन्हात दुपारी सराव करू नका. सोबती उन्हात असंबद्ध बोलू लागला, लडखडला, तर त्याला उष्माघात झाला असे समजा. सावलीत न्या, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहा. बर्फ मिळाला तर मान, काख, जांघेत ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

वर्षाची आखणी

पहिले चार महिने : पोहणे शिकणे, चालत-पळत धावणे, आठवड्यातून दोनदा सायकल. पुढचे चार : तिन्ही नियमित, आठवड्यात एक पूर्ण विश्रांतीचा दिवस. शेवटचे चार : एक स्प्रिंट ट्रायथलॉन, म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. ती नीट झाली तर दुसऱ्या वर्षी दीड किलोमीटर, ४० आणि १० ची ऑलिंपिक शर्यत. गोव्याचे निम्मे अंतर त्यानंतर, आणि १७ तासांची शर्यत त्याच्याही नंतर.

या वर्षात छातीत दुखले, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा आणि तपासून घ्या. सोबत्याला तसे झाले तर त्यालाही थांबवा.