पडद्यावरील चित्र आणि त्रैराशिक

नवा दागिना घडविण्यास टाकण्यापूर्वी त्याचे चित्र संगणकाच्या पडद्यावर पाहून पसंत करण्याची रीत आता सराफी पेढ्यांत चांगलीच रुळली आहे. इमारतीचा पाया अद्याप भरला जात असतो, तोच तिच्यातील दिवाणखाना आपणास पडद्यावर फिरून पाहता येतो. अशा चित्रांच्या भरवशावर मोठमोठ्या रकमांचे व्यवहार ठरतात. तेव्हा हे चित्र तयार कसे होते, त्यात काय खरे उतरते आणि काय मुळी उतरतच नाही, हे व्यापाऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे. विषयाचे नाव काहीसे भारदस्त आहे: सदिश भूमितीच्या साहाय्याने त्रिमित बिंदूंचे प्रक्षेपण. परंतु त्याचा गाभा म्हणजे आपल्या वाडवडिलांचे त्रैराशिक होय. ज्यास बीजक तपासता येते त्यास हा विषय समजण्यास अडचण पडू नये.

प्रारंभ सावलीपासून करू. इ. स. ४९९ मधील आर्यभटीयात दिवा आणि शंकू यांचा एक नियम दिला आहे. दिव्यापासून शंकूपर्यंतच्या अंतरास शंकूच्या उंचीने गुणावे आणि दिवा व शंकू यांच्या उंचींतील फरकाने भागावे, म्हणजे सावलीची लांबी येते. दिवा ७२ अंगुळे उंच, शंकू नेहमीचा १२ अंगुळांचा आणि दोहोंमधील अंतर १०० अंगुळे असेल तर १२०० ला ६० ने भागून सावली २० अंगुळे येईल. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी होऊन गेलेले जैन गणिती महावीराचार्य यांच्या गणितसारसंग्रह या ग्रंथातही छायाव्यवहार हे स्वतंत्र प्रकरण आहे. या साऱ्या गणिताच्या मुळाशी समरूप त्रिकोण आहेत. दिव्याचा किरण शंकूच्या अग्रावरून जातो आणि ते अग्र जणू जमिनीवर नेऊन टाकतो. या 'नेऊन टाकण्या'सच प्रक्षेप म्हणतात. दिव्याच्या जागी डोळा ठेवावा, जमिनीच्या जागी डोळ्यासमोर उभी काच धरावी, की सावलीचे गणित तेच चित्राचे गणित होते.

युरोपात चित्रकारांनी हे काचेचे तत्त्व पंधराव्या शतकात हस्तगत केले. आल्बेर्ती याने १४३५ साली चित्रास खिडकीची उपमा देऊन त्याची मीमांसा केली. परंतु मला स्वतःला अधिक आवडते ते जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या १५२५ मधील भूमितीच्या पुस्तकातले एक काष्ठचित्र. भिंतीत एक खुंटी ठोकलेली आहे, तो डोळा. तिच्यापासून एक ताणलेले सूत निघते व एका उभ्या चौकटीतून पलीकडे मेजावर ठेवलेल्या तंतुवाद्याकडे जाते. एक इसम सुताचे टोक वाद्याच्या एका बिंदूवर टेकवितो. दुसरा इसम सूत चौकटीतून नेमके कोठून गेले ते खुणेने धरून ठेवतो. मग सूत बाजूस करून, चौकटीस दारासारखा जोडलेला कागद मिटवून, त्या ठिकाणी टिंब द्यायचे. अशी पुष्कळ टिंबे दिली की वाद्याचे हुबेहूब चित्र उमटते. आजचा संगणक अक्षरशः एवढेच करतो. फरक इतकाच की तो सूत ताणीत नाही, सुताचा हिशेब करतो.

हा हिशेब ज्या राशीने होतो ती सदिश राशी होय. नुसत्या लांबीस दिशेची जोड दिली की सदिश होतो. व्यवहारात तो तीन संख्यांनी लिहितात: पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती आणि वर किती. समजा, आपण बाजारपेठेतील रस्त्याचे चित्र करीत आहोत. ठरविलेल्या एका आरंभबिंदूपासून आपला डोळा २ मीटर पूर्वेस, १ मीटर उत्तरेस आणि १.५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे डोळ्याचा सदिश (२, १, १.५). रस्त्यावरील दिव्याच्या खांबाचे टोक (१२, ६, ४.५) येथे आहे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की (१०, ५, ३) उरते. हेच ड्यूररचे सूत: डोळ्यापासून वस्तूपर्यंत जाणारा सदिश.

परंतु डोळा ठीक उत्तरेकडे पाहत असेल असे नाही. समजा, तो (०.६, ०.८, ०) या दिशेने, म्हणजे ईशान्येच्या थोडे उत्तरेकडे पाहत आहे. मग त्याचा उजवा हात (०.८, −०.६, ०) या दिशेस येतो आणि माथा (०, ०, १) या दिशेस. तिन्ही दिशा परस्परांशी काटकोनात असून प्रत्येकीची लांबी १ आहे. आता आपल्या सुताचा किती भाग समोर, किती उजवीकडे आणि किती वर, हे काढावयाचे. यासाठी जो गुणाकार करतात त्यास अदिश गुणाकार म्हणतात आणि तो हुबेहूब बीजकासारखा असतो. बीजकात प्रत्येक जिनसाच्या नगांस त्याच्या दराने गुणून शेवटी बेरीज मारतात. येथे सुताच्या तीन संख्या हे नग आणि दिशेच्या तीन संख्या हे दर. समोरचे अंतर: १० × ०.६ अधिक ५ × ०.८, म्हणजे १०. उजवीकडचे अंतर: १० × ०.८ मधून ५ × ०.६ वजा, म्हणजे ५. येथे उणे दर परत आलेल्या मालाप्रमाणे वजावटीस जातो. वरचे अंतर सरळच ३.

आता त्रैराशिक. डोळ्यापासून १० मीटर समोर असता वस्तू उजवीकडे ५ आणि वर ३ मीटर सरकलेली आहे; तर डोळ्यापासून पडद्याच्या अंतरावर ती किती सरकलेली दिसेल? पडद्याचे अंतर पडद्यावरील ठिपक्यांतच मोजण्याचा परिपाठ आहे. ते ८०० ठिपके धरू. ८०० ला ५ ने गुणून १० ने भागले, ४०० आले. ८०० ला ३ ने गुणून १० ने भागले, २४० आले. पडदा आडवा १९२० व उभा १०८० ठिपक्यांचा असेल तर मध्यापासून ४०० ठिपके उजवीकडे व २४० ठिपके वर खांबाचे टोक उमटेल. तसाच दुसरा खांब त्याच दिशेने आणखी १० मीटर पुढे असेल तर सूत (१६, १३, ३) होईल. उजवीकडचे ५ आणि वरचे ३ तसेच राहतील, समोरचे अंतर मात्र २० होईल आणि उत्तरे निम्मी, म्हणजे २०० व १२० येतील. दूरचे खांब लहान का दिसतात व रस्त्याच्या दोन्ही कडा क्षितिजाकडे एकत्र का येतात, याचे सारे रहस्य या एका भागाकारात आहे. समोरचे अंतर भाजक आहे. ते वाढत गेले की भागाकार शून्याकडे जातो.

हा भाजक शून्य झाला तर? म्हणजे बिंदू डोळ्याच्या अगदी बाजूस असला तर भागाकारच होत नाही; आणि तो पाठीमागे असला तर उणे भाजकामुळे चित्र उलटे होऊन समोर येऊ पाहते. म्हणून संगणक डोळ्यासमोर काही थोड्या अंतरावर एक प्रतल कल्पून त्याच्या अलीकडचे सारे आधीच कापून टाकतो. इतिहासाची एक नोंद येथेच करून ठेवतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६३ साली तीन संख्यांस चौथीची जोड देऊन सरकविणे, फिरविणे व प्रक्षेप करणे ही सर्व कामे संख्यांच्या एकाच प्रकारच्या चौकोनी कोष्टकाने उरकण्याची पद्धत संगणकास लावून दिली. आजची यंत्रे त्याच वाटेने जातात. भागाकार तेवढा शेवटी एकदाच करतात.

आता गमावले काय ते पाहू. ज्याचे सूत (२०, १०, ६) आहे असा बिंदू घेतला तर समोर २०, उजवीकडे १० आणि वर ६ येतात आणि पडद्यावर पुन्हा ४०० व २४० हीच उत्तरे मिळतात. जवळच्या लहान खांबाचे आणि दूरच्या मोठ्या खांबाचे टोक एकाच ठिपक्यावर येऊन बसते. तीन संख्या आत गेल्या, दोनच बाहेर आल्या. तिसरी नुसत्या चित्रातून परत मिळत नाही. दोहोंपैकी पुढचा कोणता हे ठरविण्यासाठी संगणकास एक निराळी वहीच ठेवावी लागते. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याच्या नावे तीत आतापर्यंतच्या सर्वांत जवळच्या बिंदूचे अंतर मांडलेले असते. नवा बिंदू त्याहून जवळचा असेल तरच जुनी नोंद खोडून नवी करतात. एडविन कॅटमल यांच्या १९७४ च्या युटा विद्यापीठातील प्रबंधात ही युक्ती सांगितली आहे. ही वही मात्र यंत्राच्या पोटातच राहते. गिऱ्हाइकाच्या हाती येते ते केवळ चित्र.

डोळ्याचा अंदाजही येथे दगा देतो. आपल्या रस्त्याची उजवी कड डोळ्यापासून ५ मीटर बाजूस आहे असे धरा. १० मीटर समोरचा तिचा बिंदू मध्यापासून ४०० व्या ठिपक्यावर, तर ४० मीटर समोरचा १०० व्या ठिपक्यावर येतो. या दोहोंमधील रस्त्याचा खरा मध्य २५ मीटरवर आहे व तो १६० व्या ठिपक्यावर पडतो. परंतु चित्रात पाहणारा २५० व्या ठिपक्यास मध्य समजेल, आणि तेथे प्रत्यक्षात १६ मीटर अंतराचा बिंदू आहे.

मोजमापाच्या कामास म्हणूनच दुसऱ्या जातीचा प्रक्षेप वापरतात. त्यात बीजकाचा गुणाकार होतो, पण भागाकार होत नाही. सारे किरण समांतर मानतात व दूरची वस्तू लहान होत नाही. घराचा नकाशा हा असाच. आपल्या मंदिरांतून दिसणारे अढीद्वीपाचे पटही वरून पाहिल्याप्रमाणे, मध्यभागी मेरू व भोवती द्वीपसमुद्रांची वलये, असे काढलेले असतात. त्यांत पलीकडची बाजू अलीकडच्या बाजूहून आकसत नाही. दागिन्यांचे नमुने करण्याच्या संगणक-प्रणालींत बहुधा चार खिडक्या एकदम दिसतात. तीन समांतर प्रक्षेपाच्या, वरून, समोरून व बाजूने, चौथी यथादर्शनाची. गिऱ्हाईक भाळते ते चौथीवर. अंगठीचा खडा डोळ्यापासून ६० मिलिमीटरवर आणि कड्याची मागची बाजू ८० मिलिमीटरवर असेल असे चित्र केले तर, दोहोंचे माप सारखेच असले तरी, खडा मागच्या बाजूच्या मानाने एक-तृतीयांशाने मोठा दिसेल. तोच डोळा ४०० मिलिमीटर मागे नेला तर ही तफावत शेकडा सुमारे ४ वर येते. खडा तोच, सोने तेच. कारागीर मेणाचा साचा करण्यास यंत्रास देतो तो तीन संख्यांचा हिशेब. त्या चौथ्या खिडकीशी यंत्रास कर्तव्य नसते. तेव्हा खड्याचे माप व कड्याची जाडी समांतर खिडक्यांतून आकड्यांनी वाचून घ्यावी.

घराच्या चित्रात प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण तेथे रक्कम मोठी असते. एका खोलीची उंची ३ मीटर आहे. चित्रात खोलीची अलीकडची कड ९६० ठिपके उंच आणि पलीकडची भिंत ४८० ठिपके उंच दिसते. खोली खोल किती? त्रैराशिक उलटे मांडू. पडद्याचे अंतर ८०० ठिपके धरले तर ८०० × ३ ÷ ९६० म्हणजे अलीकडची कड २.५ मीटरवर, ८०० × ३ ÷ ४८० म्हणजे पलीकडची भिंत ५ मीटरवर, खोली २.५ मीटर खोल. पडद्याचे अंतर १६०० धरले तर हीच उत्तरे ५ व १० मीटर येतात आणि खोली ५ मीटर खोल ठरते. चित्र एकच, एक ठिपकाही इकडचा तिकडे झालेला नाही, आणि खोली सव्वाआठ फुटांची की साडेसोळा फुटांची हे ज्या आकड्यावर अवलंबून तो आकडा चित्रावर छापलेला नसतो.

या आकड्याचा अर्थ असा की चित्र खरे दिसावयास पाहणाऱ्याचा डोळाही पडद्यापासून तेवढ्याच अंतरावर हवा. १९२० ठिपक्यांचा पडदा ५३ सेंटिमीटर रुंद असेल तर ८०० ठिपके म्हणजे अवघे २२ सेंटिमीटर आणि १६०० म्हणजे ४४ सेंटिमीटर होतात. पडद्यास नाक लावून कोणी बसत नाही. आपण हातभर अंतरावरून पाहतो आणि २.५ मीटरची खोली ५ मीटरची समजून घरी जातो. चित्रकाराने खोटे काहीच काढलेले नसते. शिवाय संगणकातील डोळा माणसास उभे राहता येणार नाही अशा जागी, भिंतीच्या पलीकडे, भिंत पुसून टाकून, ठेवता येतो. मग तर अंदाजास काही आधारच उरत नाही.

प्रणालीत हा आकडा बहुधा दृष्टीच्या कोनाच्या रूपाने भरलेला असतो. वरील पडद्यावर ८०० ठिपक्यांचे अंतर म्हणजे सुमारे १०० अंशांचा कोन, १६०० म्हणजे सुमारे ६२ अंशांचा. चित्र दाखविणाऱ्यास तो कोन विचारावा, आणि तेच चित्र ६० अंशांच्या आसपास कोन ठेवून, डोळा खोलीच्या आत दाराशी उभा करून पुन्हा दाखविण्यास सांगावे. संगणकास हे क्षणाचे काम आहे. क्षेत्रफळासाठी मात्र चित्राकडे वळूच नये. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये विकसकाने चटई क्षेत्र जाहीर करावयाचे असते. तो आकडा आणि मापे घातलेला नकाशा हाती घेऊन खोलीची लांबी व रुंदी स्वतः गुणून पाहावी.